सभ्य चिरूट

बाहेर बँडने शोकाची धून दुसऱ्यांदा सुरू केली, तरी आनिसेतो सालगेरा चर्चमागच्या न्हाणीघरात आतून कडी लावून उभा होता. अंगात जांभळा झगा, कमरेला दोर आणि तोंडात पिपाणी. पिपाणी हे त्याने स्वतःच ठेवलेलं नाव. बाकीचं एस्तेली गाव तिला व्हेप म्हणत होतं. झरोक्यातून तिच्या वाफेचा आंब्याचा वास बाहेर चालला होता, तोही गुड फ्रायडेला, धूप आणि मेणबत्त्यांच्या वासात.

दारावर थाप पडली. डाव्या बाजूचा खांदेकरी चिलो होता. "मास्तर! अहो, येशू खोळंबलाय! पोट बिघडलं की काय?"

"आलोच!"

"कालचं सुक्या माशाचं सार बाधलं असणार," असं कुणाला तरी सांगत चिलो परत गेला.

मिरवणुकीत येशूच्या शवपेटीला पुढून उजवा खांदा आनिसेतोचा. बापाच्या पश्चात तोच देत आला होता. अट एकच. उचलण्याआधी लाकडावर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणायचं: नवस पाळला. आनिसेतोचा नवस तंबाखूचा. चिरुटांच्या कारखान्यात दिवसभर पानं वळणारा हा माणूस रोज जेवणानंतर स्वतः वळलेला एक चिरूट ओढायचा, आणि उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी तो विझवला की ईस्टरपर्यंत हुंगायचासुद्धा नाही. फादर प्रवचनात त्याचा दाखला द्यायचे. आनिसेतो तेव्हा मान खाली घालायचा, पण फार खाली नाही.

घरी तर मान खाली घालायचा प्रश्नच नव्हता. कारण घरात लुक्रेसिया होती. त्याची मुलगी, शाळेत शिक्षिका, आणि ओठांना सदैव पिपाणी.

"सिगारेट सोडली होती ना मी, पप्पा," ती म्हणायची. "सिगारेट संपते तरी. वास मारते, लोक हाकलतात, बाहेर जाऊन उभं राहावं लागतं. हिला शेवटच नाही. अंथरुणातसुद्धा उशाशी असते."

"सवय-बिवय काही नसते. मनगट लागतं."

भाचीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला, सगळं गोत जमलेलं असताना, तो मोठ्याने म्हणाला होता, "आमच्या बाईंची दुधाची बाटली अजून सुटलेली नाही. बूच बदललंय फक्त." सगळे हसले. लुक्रेसियाही हसली. मग बराच वेळ ती मोरीवर भांडी घासत राहिली. ती आधीच घासलेली होती.

नाताळात त्याने पैज लावली. राखेच्या बुधवारपर्यंत तिने त्याचा चिरूट ओढायचा, त्याने तिची पिपाणी. मग दोघांनी एकदमच सोडायचं. "बघू कोण रडतं ते."

चिरूट तिला अर्धाही ओढवेना. त्याला पिपाणीत काही सापडेना. चिरुटाचा धूर तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा, छातीत घ्यायचा नाही, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. हीसुद्धा त्याने तशीच ओढली. "नुसती वाफ! माल कुठाय हिच्यात?" तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत फिरला. मग एक दिवस माल शोधत शोधत तो ती वाफ पार छातीत घेऊन गेला. तिथे तो सापडला.

राखेच्या बुधवारी त्याने पिपाणी कपाटात टाकली. कपाळावरची राख पुसली जाण्याआधी कपाट उघडलं. पुढे कारखान्यात त्याच्या टेबलावरची पानं वाळायला लागली, कारण मास्तर सारखे बाहेर. खिशात पेपरमिंट, तोंडात खोकल्याची तक्रार. फादरांनी याही वर्षी दाखला दिला. या वेळी त्याची मान बरीच खाली गेली, आणि लोकांना ती नम्रता वाटली. परवा दुपारी त्याने जांभळ्या झग्याला आतून एक खिसा शिवला. या झग्याला खिसा नसतो. ख्रिस्तामागून जाताना बरोबर काही न्यायचं नसतं. टाका मात्र सुबक आला होता.

"पप्पा, मी आहे. उघडा."

कडी निघताच वाफेचा लोट बाहेर आला. लुक्रेसिया झटकन मागे सरली आणि तिने काळी ओढणी नाकाला लावली. तिने पिपाणी पाहिली, खिसा पाहिला. ती हसेल म्हणून तो तयार होता. ती हसली नाही.

"एवढी वर्षं पाळलं मी," तो म्हणाला. "मग आताच मला काय झालं, लुक्रे?"

"काही नाही झालं. तुमचं मनगट होतं तेवढंच आहे. आजवर चिरूट सभ्य होता, एवढंच."

"आणि तू? तूही चोरून ओढतच असशील ना?"

"नाताळापासून नाही."

"बोलली नाहीस ती?"

"तुम्ही म्हणाला असता, त्यात काय मोठं."

तो तसंच म्हणाला असता.

बाहेरून चिलो ओरडला, "मास्तर, फादर चिडलेत! हात ठेवा लाकडावर आणि उचला एकदाचं!"

आनिसेतोने कमरेचा दोर सोडला. झगा डोक्यावरून काढला आणि खुंटीला टांगला. "त्यांना सांग, माझ्या जागी दुसरा घ्या. पोट म्हण, काहीही म्हण." मग त्याने पिपाणी तिच्यासमोर धरली. "आणि ही घेऊन जा. टाक कुठल्या तरी गटारात."

लुक्रेसियाने दोन्ही हात पाठीमागे नेले. ओढणी नाकावरून घसरली, तरी तिने हात पुढे आणला नाही.

"एवढी किळस येते माझी?"

"किळस आली असती तर घेतली असती," ती म्हणाली. "तुम्हीच टाका, पप्पा. माझ्या हातात आली तर मी टाकणार नाही."