कोपऱ्यातलं खोकं

कंपनी बुडण्याआधी या व्हिडिओ गेमच्या जेमतेम दोनशे कॅसेटी निघाल्या. आम्हा संग्राहकांत एकेकीला सोन्याचा भाव. एक आपल्याकडे असल्याचा एका अनोळखी काकांनी फोन करताच मी त्यांच्या घरी धावलो. टीव्हीवर खोकी ढकलणारा हमाल मध्येच थांबला होता. “लेक म्हणालीय, ‘आई, बंद करू नकोस, आलेच,’” काकू म्हणाल्या. “बंद केलं की डाव गेला.” काका पुटपुटले, “बारा वर्षं झाली तिला जाऊन. तेव्हापासून हे चालूच आहे. न्या कॅसेट एकदाची.” काकू माझ्याकडे वळल्या. “तुम्ही जाणकार. डाव तिला सुटणार नसेल, तर खुशाल न्या.” मी पाहिलं. शेवटचं खोकं तिने कोपऱ्यात ढकललं होतं. या खेळात खोकं फक्त ढकलता येतं, ओढता येत नाही. डाव तेव्हाच फसला होता. काकू श्वास रोखून होत्या. “सुटेल,” माझ्या तोंडून निघालं, “दोनच चाली उरल्यात.” काकू हसल्या. काका उठले आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला गेले.