उजवं चाक

भावोजींनी गाडीच्या चाकातला जुना ब्रेक पॅड ओढून काढला आणि फरशीवर टाकला. धाकटीने तो उचलला, फडक्याने पुसला आणि व्हर्नियरमध्ये धरला. दोन पूर्णांक चार मिलिमीटर.

"मोजतेस काय? नुसतं बघून कळतंय, संपलाय," भावोजी म्हणाले. "बाबा, तुमची ही मुलगी वरणात मीठसुद्धा तोलून घालत असेल."

बाबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस. ते हसले नाहीत. घाटाच्या उतारावर गाडीला अपघात होऊन ताई गेली, तेव्हापासून ते फारसं बोलतच नसत. बोलत ते एकच: "उतार गिअरमध्ये उतरायचा असतो. मी शिकवलं होतं. पोरीने ब्रेक दाबून दाबून तापवले, मग ते धरतील कसे?" भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे ऐकवलं होतं. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, एकदा तर चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालाही. भावोजी जोडीला मान हलवत. "गाडीत काही म्हणजे काही दोष नव्हता. आठच दिवस आधी मी घरी, माझ्या हाताने नवे पॅड टाकले होते."

चौदा महिने धाकटीने हे ऐकून घेतलं होतं. ताईची गाडी पंधरा दिवसांच्या आत भंगारात गेली. मागे उरलं ते ताईबरोबर रोज त्या गाडीतून कामावर जाणाऱ्या मैत्रिणीचं एक वाक्य: "शेवटच्या आठवड्यात ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्यासारखं व्हायचं गं."

नव्या पॅडचा असा आवाज यायला नको. आला, तर तो कशामुळे, याचा तिला अंदाज होता. पण एका ऐकीव वाक्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे प्रयोगशाळेतल्या नोकरीने तिच्या अंगात मुरवलं होतं. प्रयोग पुन्हा करून बघायचा. तशीच गाडी, तसेच पॅड, तोच माणूस. तिने ताईच्या गाडीसारखीच एक जुनी गाडी शोधून घेतली. पॅड झिजेपर्यंत थांबली. मग भावोजींना फोन केला. "ताईच्या गाडीचं केलं होतंत ना, तसंच माझं करून द्या. मला मेलीला कुठलं जमतंय."

भावोजी लगेच आले. बाबांनाही तिने मुद्दाम बाहेर आणून बसवलं. भावोजींची मान खाली गेलेली तिला बघायची होती, पण ती बाबांच्या डोळ्यांदेखत.

भावोजींनी नव्या पॅडचं खोकं फोडलं. पॅडची एक बाजू घासणारी असते, दुसरी म्हणजे नुसती पोलादी पट्टी. मधली फिरती चकती दोन घासणाऱ्या बाजूंनी धरायची, टाळी वाजवताना तळहात समोरासमोर येतात तशी. भावोजींनी बाहेरचा पॅड बरोबर लावला. आतला मात्र वाकून न बघता, चकतीच्या मागे हात घालून, चाचपत सरकवला. दोन्ही पॅडची तोंडं एकाच दिशेला. रांगेत उभ्या असलेल्या माणसांसारखी.

धाकटीच्या छातीत काहीतरी लख्ख हललं. आनंदच होता तो, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. तिने एक शब्द उच्चारला असता तरी पुरलं असतं. तिने पाना पुढे केला.

"झालं!" चाकाचे नट आवळून भावोजी उठले. "याला काय डिग्री लागते?"

"दुसरं चाक घ्यायच्या आधी जरा पुढेमागे करून बघा ना," ती म्हणाली.

गल्ली सपाट होती, टोकाला बंद फाटक. हँडब्रेक तिने सकाळीच तीनदा तपासला होता. भावोजी तिला धडधाकट हवे होते. मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही.

गाडी दहा-बारा पावलं पुढे गेली. भावोजींनी ब्रेक दाबला. लोखंडावर लोखंड खरवडत गेलं. समोरच्या घरातली बाई दचकून खिडकीत आली.

"कसला आवाज हो, भावोजी?" बाबांना ऐकू जावं म्हणून धाकटीने आवाज चढवला.

भावोजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काही नाही गं. नवीन आहेत. चार दिवसांत बसतील."

"ताईलाही हेच सांगितलं होतंत?"

भावोजींचं हसू तसंच राहिलं, पण तोंड पांढरं पडत गेलं.

"उतरा," ती म्हणाली. "चाक काढा. आतला पॅड कुणाकडे तोंड करून बसलाय, ते बाबांना दाखवा."

भावोजी उतरले नाहीत. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून त्यांनी मान खाली घातली. अगदी तिने चौदा महिने मनात धरली होती तशी.

ती बाबांकडे वळली. आता ते उठतील. ज्या आवाजाने ते अख्खी बस गप्प करायचे, तो आवाज काढतील.

बाबांनी जावयाकडे पाहिलंच नव्हतं. ते उजव्या चाकाकडे बघत होते आणि त्यांनी दोन्ही कान हातांनी घट्ट झाकले होते. गाडी कधीचीच थांबली होती.

"बाबा?"

"हा आवाज तिने मला फोनवर ऐकवला होता," ते म्हणाले. "'बाबा, तुम्हाला कळेल,' म्हणाली. मी म्हटलं, नवऱ्याने बसवलेत ना? मग कुरकुरू नकोस. नवीन आहेत, बसतील."