वीतभर उतार

उतार तपासायला सोडलेलं टँकरचं पाणी पश्चिमेच्या नाल्याकडे गेलंच नाही. मैदानाच्या मध्यावर ते जरा रेंगाळलं, मग मागे वळलं आणि पूर्वेकडच्या गोलपोस्टसाठी खणून ठेवलेल्या दोन खड्ड्यांत उतरलं. खड्डे भरले तेव्हा तिथेच पसरू लागलं.

चाळीसेक माणसं फावडी टेकून बघत राहिली. सोळा रविवार झाले होते. धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यांमागची ही खडकाळ जागा हाती आली, तेव्हा जोडगाव फुटबॉल क्लबच्या सभासदांनीच ठरवलं होतं की कंत्राटदार आणायचा नाही. क्लब आपला, तर मैदानही आपल्याच हातांनी. प्रत्येकाचा एक शेअर, प्रत्येकाचं एक मत. दगड वेचून झाले होते, लाल माती बुट्ट्या भरभरून टाकून झाली होती. पुढच्या रविवारी हरळी लावायची होती.

"उतार उलटा झालाय," सेक्रेटरी श्रीहर्ष म्हणाला. तो वकील होता. उघड दिसणारी गोष्टही त्याला म्हणून दाखवावी लागे. "लेव्हल कुणी काढली होती?"

हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीचं एक टोक सभासदांपैकीच असलेल्या आनंदा गवंड्याने धरलं होतं, दुसरं दीपश्रीने. दीपश्री धारवाडच्या एका शाळेत फिजिक्स शिकवायची. तरी सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या.

"काय आनंदा, किती वर्षं गवंडीकाम करतोस म्हणालास?" भीमसेनअण्णांनी विचारलं.

"तीस."

"नशीब, आमचं घर दुसऱ्याने बांधलं," अण्णा म्हणाले. दोघंतिघं हसले, पण हसण्यातही दम उरला नव्हता.

खांद्यावरच्या टॉवेलाने आनंदा हाताची माती पुसत होता, आणि ती निघत नव्हती.

दीपश्री पुढे आली. तिचे खांदे इतके दुखत होते की फावडं ठेवल्यावर हात आपोआप किंचित वर आल्यासारखे वाटत होते.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "नळीत बुडबुडा होता. माझ्या टोकाला, चार बोटं लांब. आनंदाअण्णांनी बघितला होता. म्हणाले, मॅडम, हवा धरलीय, पाणी काढून परत भरू. मीच म्हटलं, एवढ्याने काही होत नाही. तुम्ही सगळे बुट्ट्या घेऊन उभे होता, ऊन चढत होतं. मला घाई झाली."

मग तिने वर्गात सांगावं तसं सांगितलं. बुडबुड्यामुळे तिच्या टोकाचं पाणी खऱ्यापेक्षा चार बोटं वर दिसलं. नळी पाच वेळा पुढे नेली. पाचही वेळा बुडबुडा तिच्याच, नाल्याकडच्या टोकाला होता. म्हणजे वीस बोटं. नाल्याकडे उतार ठेवायचा होता वीतभर. वीस बोटांनी ती वीत खाल्ली आणि वर चढ दिला.

"मॅडम," भीमसेनअण्णा मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही फिजिक्सच्या. बुडबुड्याने काय होतं ते तुम्हाला कळणार नाही?"

"कळत होतं, अण्णा. म्हणून तर सांगतेय."

"तुमचं मन मोठं आहे," श्रीहर्ष म्हणाला. "पण गरीब माणूस म्हणून किती पाठीशी घालायचं?"

बऱ्याच माना हलल्या. कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. पार्वतीअक्कांनी तर तिच्या पाठीवरून हात फिरवला. दीपश्रीला वाटलं, आपण फळ्यावर बरोबर उत्तर लिहिलंय आणि वर्ग आपल्या अक्षराचं कौतुक करतोय.

ती आनंदाकडे वळली. "अण्णा, तुम्ही सांगा ना. तुम्ही म्हणाला होता की नाही?"

आनंदाने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"होगली बिडरी, मॅडम. जाऊ द्या. बुडबुडा कुणाच्याबी टोकाला असू दे, गवंडी मी हाय." मग त्याने आकाशाकडे पाहिलं. "पाच वाजायला आले. अळणावरची बस चुकंल."

श्रीहर्षने घसा साफ केला. आधी मातीचं. पश्चिमेची माती उचलून पुन्हा पूर्वेला टाकायची की नाही? हात हळूहळू वर आले. काही हात खांद्यापर्यंतच आले. ठराव झाला.

"आता दुसरं. कपडे बदलायच्या खोल्यांचं बांधकाम आपण आनंदाला देणार होतो. माझा प्रस्ताव आहे की ते बाहेरच्या माणसाला द्यावं. कुणाला दुखवायचं म्हणून नाही. परत परत माती वाहायची ताकद कुणात राहिली नाही, एवढंच. हात वर करा."

या वेळी हात लवकर वर गेले. श्रीहर्ष बोटाने मोजत एका टोकाकडून निघाला. दीपश्रीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. तो तिच्यासमोर क्षणभर थांबला, मान हलवून पुढे गेला.

"बेचाळीस," तो म्हणाला.

सकाळी चहाचे पेले तिनेच वाटले होते. तिला धरून माणसं त्रेचाळीस होती. तिने वळून पाहिलं.

मागे, टँकरच्या चाकाशी, आनंदा उभा होता. डबा आणि थापी घातलेली पिशवी त्याने डाव्या हातात घेतली होती. उजवा हात वर होता, कोपरापर्यंत लाल, सरळ. श्रीहर्ष "खाली करा" म्हणेपर्यंत त्याने तो खाली आणला नाही.