कमरेच्या गोळ्या

शुक्रवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी शिरूरच्या रुग्णालयात ख्रिस्तोफरचं नाव पुकारलं गेलं. वय एकोणपन्नास, रांजणगावच्या एका कारखान्यात फिटर. दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या.

तळेगाव ढमढेऱ्याहून येताना जीपमध्ये त्याची बायको रूथ हिनं त्याची उजळणी घेतली होती.

“गोळ्या खाल्ल्या?”

“न्हाई.”

“खाली बघून बोलू नका.”

“रविवारी मंडळीपुढं बायबल वाचतो मी, रूथ.”

“मग तिथं नका खोटं बोलू. आज शुक्रवार हाय.”

कमरेच्या गोळ्या त्याला पूर्वी कंपनीच्या औषधोपचार योजनेतून निम्म्या किमतीत मिळायच्या. पुढे त्या गोळ्या दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागल्या, तशा योजनेनं वगळल्या. चिठ्ठी गेली, तिच्याबरोबर दर महिन्याची तपासणीही गेली. तीन वर्षं ख्रिस्तोफर पाळीवर जाताना मेडिकलमधून पाकीट घेत होता. दिवसाला चार गोळ्या.

योजनेचा आणखी एक नियम होता. मनानं घेतलेल्या औषधांमुळे आजार झाला, तर खर्च मिळणार नाही. आणि योजनेशिवाय डायलिसिसचा एक महिनाही त्यांना झेपणारा नव्हता.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पुन्हा वरपासून वाचले.

“दुखण्याच्या गोळ्या घेत होता का? दुकानातून?”

“न्हाई.” त्यानं वर बघून सांगितलं.

“कधीच नाही? नीट आठवा.”

“आमच्यात गोळ्यांची सवयच न्हाई, मॅडम,” रूथ म्हणाली. “कंबर धरली तर मी तेल लावून देते. वरडत्यात, पण लावून घेत्यात.”

डॉक्टरबाई हसल्या. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि अर्जावर शिक्का मारला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सगळा खर्च योजनेतून.

रूथनं पदरानं डोळे पुसले. “किती दिवस करावं लागंल, मॅडम?”

“कायमचं. गोळ्यांमुळे झालं असतं, तर गोळ्या बंद करून, वेगळं औषध देऊन किडन्या परत चालू व्हायची आशा होती. दोन-तीन महिन्यांत डायलिसिस सुटलंही असतं. म्हणून तर खोदून विचारलं.”

ख्रिस्तोफरनं बोलायला तोंड उघडलं. रूथनं त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी अर्जावर दोघांच्याही सह्या झाल्या.