तिसऱ्या मजल्यावरचं गिऱ्हाईक

“बेल एकदाच दाबायची,” साहेब म्हणाले. “वयस्कर बाई आहेत, खुर्चीतून उठायला वेळ लागतो. आणि गिऱ्हाईक कडक आहे. आजवर आमच्या कुणाकडून काही घेतलेलं नाही. तिथे यंत्र विकलंत, की नोकरी तुमची.”

त्याने धूळ ओढायचं यंत्र खांद्याला लावलं. ही सहावी मुलाखत होती. आधीच्या पाच जणांनी खुर्ची दिली होती आणि ती गरम व्हायच्या आत उठवलंही होतं.

एकवीस वर्षं तो कापडाच्या दुकानात उभा होता. गिऱ्हाईक आपल्या पायांनी यायचं. दुकान बंद पडलं, आता त्यालाच दारोदार जायचं होतं. बायको गेल्यापासून लेक आत्याकडे राहत होती. “बाबा, नोकरी लागली की नेशील ना मला?” दर रविवारी ती फोनवर विचारायची. तो हो म्हणायचा. मग खोलीत उरायचा फक्त घड्याळाचा आवाज.

तिसऱ्या मजल्यावर त्याने बेल दाबली. आवाज विरायच्या आतच दार उघडलं.

“आलास? ये. आधी त्या खिडकीखालचं काढ,” आजी म्हणाल्या. “तिथली धूळ किती वर्षं भाडं न देता राहतेय.”

त्याला हसू आलं. त्याने खिडकीखालचं काढलं, कोपरे काढले, पलंगाखाली आडवा झाला. पाठ केलेलं सगळं बोलून झालं. आजी यंत्राकडे बघतच नव्हत्या.

“घरी कोण कोण?”

“मुलगी आहे. नऊ वर्षांची.”

“वेणी कोण घालतं तिची?”

या प्रश्नाला उत्तर पाठ केलेलं नव्हतं. त्याने यंत्र बंद केलं. हळूहळू सगळंच सांगितलं. आत्याचं भरलेलं घर, आपली रिकामी खोली, लेकीने तिथेच विसरलेली केसांची लाल फीत. इतकं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. ओंजळीतलं पाणी बोटांमधून निसटावं, तसे शब्द निसटत राहिले. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढून गेला.

“आजी, मग यंत्र घेताय ना?” शेवटी त्याने विचारलं.

त्या जरा गडबडल्या. “बघू रे, पुढच्या वेळी.”

ऑफिसात परतल्यावर साहेबांनी त्याला बसवलं. कागद पुढे ओढला.

“किती वेळ होतात?”

“अडीच तास.”

“वा! आणि विक्री?”

“नाही झाली.”

साहेबांनी काहीतरी लिहिलं. “जेवल्या होत्या का त्या?”

“मी… विचारलं नाही.”

“विचारायला हवं होतं. गिऱ्हाइकाची चौकशी आधी, माल नंतर. खोकला होता?”

“थोडा.”

साहेबांचं पेन थांबलं. मग त्यांनी कागद दुमडला. “वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यात ते आहे, पण अजून कच्चे आहात. पुढच्या मंगळवारी या. तेच दार, आणखी एक संधी.”

“साहेब, या वेळी तरी… लेकीला सांगून ठेवलंय मी.”

“मंगळवारी,” साहेब म्हणाले. आवाज मऊ होता, नजर कागदावर.

तो जिना उतरला. आत्याच्या घरचा नंबर लावला, आणि पलीकडून “बाबा?” असा आवाज येताच बंद करून टाकला.

वर, काचेच्या खोलीचं दार लोटून घेऊन साहेबांनीही एक नंबर लावला.

“जेवलीस का? आणि खोकल्याचं औषध?”

“घेतलं रे. आजचा फार गुणी होता हो. कामावर घेतलंस ना त्याला?”

“आई, त्याला घेतलं तर तो गावभर फिरेल. मग मंगळवारी तुझ्याकडे कोण येईल?”