आईच्या हातची

थोरलीला सुईत दोरा काही केल्या ओवता येईना. तिने टोक ओलं केलं, चिमटीत धरलं, खिडकीकडे तोंड करून पाहिलं आणि शेवटी चष्म्याला दोष दिला. बाहेर निघालेले बाबा दारातून मागे आले, तिच्या हातून सुई घेतली, एका झटक्यात दोरा ओवून दिला आणि सामान भरायला खोकी आणायला गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, की मला एक गोधडी पुरे, बाकीच्या तुम्ही दोघी वाटून घ्या.

घर रिकामं करायचं होतं. आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि बाबा आता धाकटीकडे राहायला जाणार होते. भांडी, कपाटं, खुर्च्या कुणी न्यायच्या यावरून दोघी बहिणींनी ब्रसुद्धा काढला नाही. गोधड्यांचं मात्र तसं नव्हतं. आईचं म्हणावं असं दुसरं काही उरलंच नव्हतं. तिला फोटो काढून घ्यायचा कंटाळा, दागिन्यांची हौस नाही आणि लिहिण्याच्या नावाने तर आनंदच. उद्या आपली मुलं विचारतील, ही गोधडी कुणाची, आणि सांगायला कुणी नसेल, ही भीती थोरलीला आतून खात होती. म्हणून तिने ठरवलं, की प्रत्येक गोधडीच्या मागच्या कोपऱ्याला कापडाची पट्टी लावायची आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहायचं: आईच्या हातची.

धाकटीचं म्हणणं, पट्टी कशाला, टाके बघून कुणीही ओळखेल. त्यात खोटं काही नव्हतं. टाके असे एकसारखे, की मशीनने लाजावं. हे काम होताना मात्र दोघींनी कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी जेवणं आटोपली की आईबाबांच्या खोलीचं दार लागायचं, आतून आई मोठ्याने पेपर वाचत असल्याचं ऐकू यायचं, आणि सकाळी पाहावं तर गोधडी वीतभर पुढे सरकलेली. आईला साऱ्या जगाच्या बातम्या पाठ. बाबांना काही विचारलं तर ते म्हणायचे, आईला विचार. शेजारच्या बायका गोधडीचं कौतुक करू लागल्या की आई विषयच बदलायची. त्यात माझं काय आहे, म्हणायची. असा साधेपणा आता शोधून सापडायचा नाही, असं थोरली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

पट्ट्यांना मनासारखं कापड मिळेना. नव्या कापडावर शाई नीट बसत नव्हती. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, पांढरं हवं होतं. ते गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सापडलं. एक लहानशी गोधडी होती. वर रंगांचा नुसता गोंधळ, टाके कुठे बोटभर तर कुठे तिळाएवढे, एक ओळ तर निघाली सरळ आणि वाट चुकून भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसली. पण अस्तर पांढरं स्वच्छ.

"ही तुझी," धाकटी म्हणाली. "शाळेत असताना शिवायला बसली असशील."

"माझी? मी एवढी गबाळी कधीच नव्हते. तुझीच ही."

दोघी पोट धरधरून हसल्या, कबूल कुणीच होईना. दोरा नुसता ओढला तरी टाके सुटत होते. अस्तर मोकळं झालं, त्यावर इस्त्री फिरली, मग कात्री चालली. उरलेल्या चिंध्या धाकटीने फरशी पुसायच्या बादलीत टाकल्या. थोरलीने एकेक पट्टी सुवाच्य अक्षरात लिहिली, कडा दुमडल्या आणि कोपऱ्याला टाचली. वर्षभरात पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. आईचं नाव आता धुतलं तरी जाणार नव्हतं.

बाबा खोकी घेऊन आले. सगळ्यात देखणी, निळ्या चौकड्यांची गोधडी थोरलीने त्यांच्यासाठी बाजूला काढली होती, पट्टी वर दिसेल अशी घडी घालून. बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. ते उरलेला गठ्ठा उलटापालटा करू लागले.

काय शोधताय, असं तिने विचारलं.

"एक लहान होती. पांढऱ्या अस्तराची. मला ती हवी होती."

"ती वाकडीतिकडी?" थोरली हसली. "तिचं सोनं झालं, बाबा. तिच्याच तर या पट्ट्या केल्या. वाचा ना."

बाबांनी एक पट्टी वाचली. मग दुसऱ्या गोधडीवरची वाचली, तिसरीवरची वाचली आणि पलंगाच्या कडेला बसले. निळ्या गोधडीच्या टाक्यांवरून ते कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिले.

"या सगळ्या मी शिवल्यात," ते म्हणाले. "तुमच्या आईने शिवलेली ती एकच होती."