मागचं पायडल

दर उन्हाळ्यात आन्सेल्म आणि युगेत हे म्हातारं जोडपं दोन सीटच्या सायकलवरून बर्गंडीच्या कालव्याकाठाने जायचं. कालव्याचे दरवाजे उघडणारा लोइक त्यांना पाहून न चुकता ओरडायचा, "काका, काकू मागे पायडल मारत नाहीयेत हं!"

"ये, बस माझ्या जागी, म्हणजे कळेल मेल्या!" काकू तिथूनच फटकारायच्या.

यंदाही ओळखीची घंटी वाजली. लोइक एका बोटीसाठी दरवाजाचं चाक फिरवत होता. मान वर न करताच त्याने तीच आरोळी ठोकली आणि काकूंच्या शिवीची वाट पाहत राहिला.

शिवी आली नाही. सायकल थांबली तसं त्याने वळून पाहिलं. मागच्या रिकाम्या सीटला काकूंची गवती हॅट तेवढी बांधलेली होती.



"इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा खरं बोललास, पोरा," काका म्हणाले.